वाचकांचे प्रश्न : हादऱ्यानंतर आपल्या वॉर्डात किती घरे राहण्याजोगी उरतील?

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. ही यादी भूकंपाच्या तयारीसाठीही वापरता येईल का, असे अनेक वाचकांनी विचारले आहे. निवडक पत्रे थोडक्यात देत आहोत. उत्तरे संरचना अभियांत्रिकी आणि आपत्ती नियोजन या क्षेत्रांतील जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

मुंबईत मोठा भूकंप झाल्याचे आमच्या आठवणीत नाही. महापालिकेने यावर माणसे आणि पैसा का खर्च करावा? (एक वाचक, दादर)

भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कमी ते जास्त धोक्याचे दोन ते पाच असे झोन आहेत आणि मुंबई झोन तीनमध्ये आहे. म्हणजे एमएसके मापनानुसार (हे हादऱ्याच्या परिणामांवरून तीव्रता ठरवते) तीव्रता सातपर्यंतचा हादरा इथे बसू शकतो, असे गृहीत धरून बांधकाम करायचे. नकाशातला झोन हे भाकीत नसते. किल्लारीचा भाग १९९३ पर्यंत सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास तिथे जवळपास दहा हजार माणसे गेली. ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या धाब्याच्या ओझ्याखाली सापडली.

मुंबईने जास्त लक्ष द्यावे असा दाखला अहमदाबादचा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते. तरीही त्या शहरात शंभरहून अधिक काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकांच्या तळमजल्यावर पार्किंग होते आणि तिथे भिंती नव्हत्या. कोयना मुंबईपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि ११ डिसेंबर १९६७ चा हादरा मुंबईतही जाणवला होता. पालघर-डहाणू पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कामे ठरवून दिलेली आहेत. ती करायची तर आधी आपल्या हद्दीतली घरे कशी आहेत हे माहीत हवे.

आमची इमारत १९८४ सालची, स्टिल्टवर (म्हणजे खाली नुसते खांब आणि मोकळी जागा) सहा मजल्यांची. गेल्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि सी-३ श्रेणी मिळाली, म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आता भूकंपाची काळजी नको ना? (सचिव, गृहनिर्माण संस्था, मुलुंड)

सी-३ ही चांगली बातमी आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही सगळी प्रतवारी इमारत आज स्वतःचे आणि आतल्या माणसांचे वजन पेलू शकते का, यावर होते. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, कोअर, कार्बोनेशन, हाफ-सेल या सगळ्या चाचण्यांतून काँक्रीट आणि सळ्यांची प्रकृती कळते. भूकंप मात्र इमारतीला आडवे ढकलतो. ठणठणीत माणूसही एका पायावर उभा असताना धक्का लागला तर पडतो.

तुमच्यासारख्या इमारतीचे एक साधे गणित करून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या अभियंत्याने त्या जागी खरे घालावेत. इमारत २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, २१ मीटर उंच, सात स्लॅबची. दर चौरस मीटरला ११ किलोन्यूटन धरले तर वजन सुमारे १८,५०० किलोन्यूटन. विटांच्या भिंती असलेल्या इमारतीचा स्वाभाविक दोलनकाळ ०.०९ गुणिले उंची, भागिले रुंदीचे वर्गमूळ, या सूत्राने ०.५५ सेकंद येतो. मध्यम जमिनीवर त्यासाठी प्रवेगाचा गुणक २.५ लागतो. झोन तीनचा गुणक ०.१६, त्याच्या निम्म्याने गुणले आणि साध्या फ्रेमच्या (खांब-बीमच्या सांगाड्याच्या) ३ या गुणकाने भागले की वजनाच्या ६.७ टक्के, म्हणजे सुमारे १,२३० किलोन्यूटन आडवा जोर तळाशी येतो. स्टिल्टमध्ये २३० बाय ४५० मिलिमीटरचे वीस खांब आणि त्या दिशेला चार फ्रेम असतील, तर खांबांवरचा सरासरी कर्तन ताण (आडव्या जोराने कापले जाण्याचा ताण) ०.७४ मेगापास्कल येतो. जुन्या काँक्रीट इमारतींसाठीच्या आयएस १५९८८:२०१३ या मानकाच्या प्राथमिक तपासणीत मर्यादा ०.४ मेगापास्कल किंवा काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमूळाचा दहावा भाग, यांतली जी कमी ती. एम-१५ काँक्रीटला (ताकद १५ मेगापास्कल) ती ०.३९ होते. म्हणजे जवळपास दुप्पट ताण. काँक्रीट कितीही निरोगी असले तरी हा आकडा बदलत नाही. इमारत पडेलच असा त्याचा अर्थ नाही. सविस्तर तपासणी टाळता येणार नाही, एवढा अर्थ नक्की आहे.

पुढच्या ऑडिटच्या कार्यादेशात तीन गोष्टी लिहून घ्या. स्टिल्टमधल्या प्रत्येक खांबाचे माप आणि दिशा दाखवणारा नकाशा. आयएस १५९८८ प्रमाणे दोन्ही दिशांची प्राथमिक तपासणी. आणि निदान दोन खांबांचे बीमजवळचे कव्हर (सळ्यांवरचा काँक्रीटचा थर) उघडून रिंगांचे (उभ्या सळ्यांभोवतीच्या कड्यांचे) अंतर व हुकांचा कोन. भूकंपासाठीच्या सळईकामाचे आयएस १३९२० हे मानक १९९३ मध्ये आले. त्यानुसार खांबाच्या टोकांजवळ दोन रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे आणि हुक १३५ अंशांत आत वळलेले असावेत. जुन्या कामांत रिंगा विरळ आणि हुक काटकोनात असतात. हादऱ्यात कव्हर गळाले की काटकोनातला हुक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळ्या वाकून बाहेर येतात. खांब एका वेळी एकच उघडायचा, आधी टेकू लावून, आणि त्याच आठवड्यात मायक्रोकाँक्रीटने बंद करायचा.

आमच्या विभागात अंदाजे पाच हजार इमारती आहेत आणि या कामाला चार माणसे मिळणार आहेत. सुरुवात कुठून करावी? (दुय्यम अभियंता, मुंबई)

पाच हजार इमारती पाहायला निघू नका. वर्षभर पाहणीच चालेल आणि आराखडा कोराच राहील. आपत्कालीन नियोजनाला प्रत्येक इमारतीचे प्रमाणपत्र लागत नाही. कोणत्या भागात कोणत्या प्रकारची किती घरे आणि त्यांत किती माणसे, हे पुरते.

पहिला टप्पा कागदावरचा. मालमत्ता कराची नोंद, विकास आराखड्याचा नकाशा, जनगणनेतली भिंत आणि छपराची माहिती, शहर भाग असेल तर म्हाडाच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी, हे सगळे एका नकाशावर आणा. उपकरप्राप्त यादीचा मोठा फायदा म्हणजे वय आयते मिळते : ‘अ’ गट १ सप्टेंबर १९४० पूर्वीचा, ‘ब’ गट तिथपासून १९५० अखेरपर्यंतचा, ‘क’ गट १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ चा.

चुका इथेच होतात. कराच्या नोंदीत एकक गाळा किंवा मालमत्ता असते, इमारत नसते. चार विंगांची सोसायटी एकच नोंद म्हणून येते आणि एकाच चाळीचे पन्नास गाळे पन्नास इमारती होऊन बसतात. आकारणीचे वर्ष म्हणजे बांधकामाचे वर्ष, असे धरले की १९७५ ची इमारत १९८९ ची होते. नंतर चढवलेला मजला नोंदीत दिसतोच असे नाही. म्हणून नकाशावरच्या प्रत्येक छपराला एक क्रमांक द्या. दोन विंगांमध्ये सांधा सोडलेला असेल तर त्या दोन इमारती.

दुसऱ्या टप्प्यात इमारतींचे चार-पाच प्रकार पाडा. उदाहरणार्थ, लाकडी सांगाड्याच्या चाळी, विटांच्या भारवाही (ओझे पेलणाऱ्या) भिंतींच्या इमारती, १९९३ पूर्वीच्या काँक्रीट फ्रेम आणि नंतरच्या काँक्रीट फ्रेम. वस्त्यांचे वेगळे, त्याबद्दल पुढे आहे. प्रत्येक प्रकारातून चिठ्ठ्या टाकून शंभर इमारती काढा. शंभराच्या नमुन्याने कोणतेही प्रमाण साधारण दहा टक्के इकडेतिकडे, ९५ टक्के खात्रीने सांगता येते. पाच टक्क्यांची अचूकता हवी असेल तर प्रकारामागे ३८५ इमारती लागतात, आणि आराखड्यासाठी एवढ्या अचूकतेची गरज नाही. चारशे इमारती, दोघांची एक अशा दोन जोड्या, जोडीमागे दिवसाला बारा इमारती, म्हणजे सतरा कामाचे दिवस. पावसाळा टाळा. तेव्हा गच्च्या आणि बाजूच्या भिंती निळ्या ताडपत्रीखाली असतात, भेगा दिसत नाहीत.

नमुना हमरस्त्यावरच्या इमारतींचा होणार नाही, याची काळजी घ्या. आत जायला कंटाळा येतो, गाडी लावायला जागा नसते आणि नकळत दर्शनी इमारतीच निवडल्या जातात. एखाद्या सोसायटीने आत घेतले नाही, तर शेजारची इमारत धरायची नाही. आधीच काढून ठेवलेल्या राखीव यादीतली पुढची धरायची. दहा टक्के इमारती दुसऱ्या जोडीकडून परत पाहून घ्या. दहांत एकीपेक्षा जास्त इमारतींच्या प्रकाराबद्दल दोन जोड्यांचे एकमत होत नसेल, तर काम थांबवून पुन्हा प्रशिक्षण द्या.

आम्ही स्थापत्यचे विद्यार्थी अशा पाहणीत स्वयंसेवक म्हणून जाणार आहोत. वीस मिनिटांत नेमके काय टिपायचे? (विद्यार्थी, अंधेरी)

इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय फॉर्म उघडू नका. मजले सर्व बाजूंनी मोजा, उतारावरच्या इमारतीला मागून एक मजला जास्त असू शकतो. मग तळमजला पाहा : स्टिल्ट, शटरची दुकाने की भिंती? दुकानांच्या मधल्या भिंती काढून मोठा गाळा केलेला असेल तर तो मजला स्टिल्टइतकाच मऊ समजा. वरचा मजला पुढे आलेला आहे आणि त्याच्या बाहेरच्या कडेला खांब आहे, पण तो जमिनीपर्यंत येत नाही, असे दिसले तर तो तरंगता खांब. अहमदाबादने शिकवलेला हा दुसरा धडा.

एल, टी किंवा सी आकाराच्या इमारतीत कोपऱ्यावर ताण गोळा होतो. जिना आणि लिफ्टची काँक्रीटची भिंत एकाच टोकाला असेल तर हादऱ्यात इमारत पिळवटते. खांबाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या उंचीची भिंत आणि वर खिडकी असेल तर त्या खांबाला वाकायला थोडीच जागा मिळते, आणि असा आखूड खांब तिरपा फाटतो. शेजारच्या इमारतीपासूनचे अंतर टेपने मोजा आणि दोन्हींचे स्लॅब एका पातळीत आहेत का ते लिहा. पातळी जुळत नसेल तर एकीचा स्लॅब दुसरीच्या खांबाच्या मध्यावर आदळतो. गच्चीवरच्या टाक्या, मोबाइल टॉवर, जाहिरातीचे फलक, सैल छज्जे आणि कठडे हेही टिपा. इमारत उभी राहिली तरी माणसे मरतात ती बहुधा खाली पडलेल्या कठड्याने.

जमीन विसरू नका. खाडीकाठची चिकणमाती किंवा भराव असेल तर वेगळा रकाना. कठीण खडकावर प्रवेगाचा गुणक ०.४ सेकंदांच्या दोलनकाळानंतर उतरू लागतो, मऊ जमिनीवर तो ०.६७ सेकंदांपर्यंत वरच राहतो. म्हणजे मध्यम उंचीच्या इमारतींना भरावाची जमीन जास्त बाधते.

फोटो सहा : चार बाजू, स्टिल्ट आतून, शेजारची फट. सी-१ इमारतीच्या जिन्यावर किंवा गच्चीवर जायचे नाही, बाहेरून जेवढे दिसेल तेवढेच. आणि इंटरनेटवरून उतरवलेला अमेरिकी फॉर्म जसाच्या तसा भरू नका. फेमा या अमेरिकी आपत्ती यंत्रणेच्या पी-१५४ फॉर्ममध्ये गुण २ याचा अर्थ मोठ्या भूकंपात कोसळण्याची शक्यता शंभरात एक, असा असतो. ते मूळ गुण तिकडच्या बांधकामावरून काढलेले आहेत, गिरगावच्या चाळीला लागू पडत नाहीत. त्यांच्याकडून नोंदी घेण्याची शिस्त घ्यावी.

आमची चाळ १९३० च्या सुमाराची, लाकडी सांगाड्याची, तळमजला अधिक तीन. जागोजागी टेकू आहेत. जुनी माणसे सांगतात, लाकूड हलते पण पडत नाही. हे खरे का? (रहिवासी, गिरगाव)

सांधे शाबूत असतील तर खरे आहे. लाकूड हलके असते, वाकते आणि हादऱ्याची ऊर्जा सांध्यांत जिरवते. युरोपीय ईएमएस-९८ मापनात (‘ए’ सर्वांत कमजोर, ‘एफ’ सर्वांत भक्कम) लाकडी इमारतींना ‘डी’ वर्ग मिळतो, बिनसळईच्या विटांच्या इमारतीला ‘बी’. पण मुंबईची चाळ क्वचितच निखळ लाकडी असते. पुढे गॅलरीचे लाकडी खांब, मागे विटांची जाड भिंत, आणि तुळया त्या भिंतीत नुसत्या खोचलेल्या. तुळईचे भिंतीतले टोक ओल धरून कुजते आणि बाहेरून रंगाखाली दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सहज रुतला तर ते टोक गेले. सर्वांत आधी संडास-मोरीच्या भिंतीजवळच्या तुळया तपासा, कारण पाणी तिथेच मुरते. संडासाचा भाग पुष्कळदा नंतर विटांनी बांधून चाळीला चिकटवलेला असतो. हादऱ्यात तो वेगळा डुलतो आणि मूळ इमारतीपासून सुटतो.

दुसरा शत्रू वजन. फळ्यांवर तीन इंची कोबा आणि वर लादी घातली की चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वाढतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत ते सव्वादोन टन होतात. पोटमाळ्यावरची पाचशे लिटरची टाकी म्हणजे आणखी अर्धा टन, तोही उंचावर. टाकी खाली आणणे हा एका दिवसात होणारा, जवळजवळ फुकटचा उपाय आहे.

टेकूबद्दल स्पष्ट सांगायला हवे. टेकू उभे ओझे पेलतो, आडव्या हादऱ्याला त्याचा उपयोग नाही. वर-खाली नुसती पाचर मारलेला टेकू हलल्याबरोबर निसटतो आणि ज्या तुळईला त्याचा आधार होता ती खाली येते. टेकूंची डोकी आणि पाय खिळ्यांनी वा बोल्टने बांधा, खाली सलग फळी द्या आणि दोन टेकूंमध्ये तिरपी फळी फुलीसारखी ठोका. तुळई आणि भिंत लोखंडी पट्टीने जोडण्याची पद्धत आयएस १३९३५ मध्ये दिली आहे. ते काम मात्र अभियंत्याच्या देखरेखीखालीच.

पाहणी करणाऱ्यांसाठीही एक सूचना. ‘चाळ’ हा राहण्याचा प्रकार आहे, बांधकामाचा नाही. १९२० च्या दशकातल्या २०७ बीडीडी चाळी काँक्रीटच्या होत्या. फॉर्मवर नुसते ‘चाळ’ लिहिलेत तर त्या नोंदीचा उपयोग शून्य.

आमच्या वस्तीतली घरे कर-नोंदीत नाहीत. मग भूकंपाच्या आराखड्यात आमची मोजदाद कशी होणार? (बचत गटाच्या सदस्य, गोवंडी)

ताई, तुमची घरे सोडून केलेला आराखडा मुंबईचा आराखडाच नव्हे. इथे पद्धत बदलावी लागते : घराऐवजी गल्ली हे एकक धरा. गल्लीची पन्नास-पन्नास मीटरची तुकडी करा आणि प्रत्येक तुकडीत तळमजल्याची, एक माळ्याची, दोन माळ्यांची घरे मोजा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीशी दिसते, साडेचार इंची की नऊ इंची. वरची जमीन कशाची, लोखंडी अँगलवर शहाबादी लादी, फळ्या की स्लॅब, हे खालून पाहून कळते. पत्रा आणि अँगलचे घर कोसळले तरी खालचा माणूस वाचण्याची शक्यता बरी असते. साडेचार इंची विटांवर चढवलेले दोन माळे, मध्ये खांब नाहीत, वर लादी, हे सर्वांत घातक.

वस्तीत इमारतीइतकीच गल्ली महत्त्वाची. तीन फुटी गल्लीत एक भिंत पडली की मागच्या साठ घरांची वाट बंद. गॅस सिलिंडर आणि लोंबत्या वायरींमुळे आग लागते आणि बंब आत येत नाही. म्हणून गल्लीची रुंदी, बंद टोके, बंब जिथवर येईल ती जागा, पाण्याचे नळ, आणि लोखंडी शिडीवरूनच उतरता येणारी घरे, एवढे नोंदवा. हे काम तुमचा गट बाहेरच्या कुणापेक्षा चांगले करील. कोणत्या माळ्यावर भाडेकरू आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणत्या खोलीत दिवसा जरीकाम चालते आणि रात्री तिथेच बारा मुले झोपतात, हे तुम्हालाच ठाऊक. माणसांची मोजणी दोनदा करा, दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊनंतर.

पाहणी झाली, प्रकार कळले. त्यातून निवाऱ्याचे, पाण्याचे, राडारोड्याचे आकडे कसे काढायचे? (नियोजन कक्षातील कर्मचारी, ठाणे)

नमुन्यादाखल एक काल्पनिक वॉर्ड घ्या : ‘बी’ वर्गाच्या ६०० इमारती, ‘सी’च्या २,०००, ‘डी’च्या ४००. साधी काँक्रीट फ्रेम ‘सी’ वर्गात येते, पण स्टिल्ट किंवा तरंगते खांब असतील तर ती एक पायरी खाली, ‘बी’मध्ये धरा. ईएमएस-९८ सांगते की तीव्रता सातला ‘बी’मधल्या ‘अनेक’ इमारतींना दुसऱ्या दर्जाचे आणि ‘थोड्यांना’ तिसऱ्या दर्जाचे नुकसान होते (पहिला दर्जा म्हणजे किरकोळ, पाचवा म्हणजे कोसळणे). ‘सी’मधल्या थोड्यांना दुसऱ्या दर्जाचे. ‘अनेक’ म्हणजे ३५ टक्के आणि ‘थोड्या’ म्हणजे १० टक्के धरून चालू.

तिसऱ्या दर्जाची इमारत तपासणीशिवाय राहण्याजोगी नसते. अशा ६० इमारती. इमारतीमागे वीस कुटुंबे आणि कुटुंबात साडेचार माणसे धरली तर ५,४०० माणसे रस्त्यावर. मदतकार्याच्या ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर छत, म्हणजे १८,९०० चौरस मीटर, ४५ चौरस मीटरच्या ४२० वर्गखोल्या. पाणी माणशी रोज १५ लिटर, म्हणजे ८१,००० लिटर, दहा हजार लिटरचे नऊ टँकर.

आता तीव्रता आठ घ्या. ‘बी’मधल्या २१० इमारती तिसऱ्या दर्जात, ६० चौथ्या दर्जात जातात. ‘सी’मधल्या २०० तिसऱ्या दर्जात. एकूण ४७० इमारती, ४२,३०० माणसे, ६४ टँकर. तीव्रता एकने वाढली आणि बेघर आठपटीने वाढले. म्हणून आराखडा एकाच आकड्यावर बेतू नका, दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. चौथ्या दर्जाच्या साठ इमारती म्हणजे शोध-बचावाचे संभाव्य ठिकाण साठ, आणि पहिल्या तासांत तुमच्याकडे अग्निशमन दल आणि शेजारीपाजारीच असणार. एनडीआरएफच्या पाचव्या तुकडीचे मुख्यालय पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. तिथून कुमक यायची तर घाटरस्ता उघडा हवा.

राडारोड्यासाठी ढोबळ नियम : कोसळलेल्या इमारतीच्या बाह्य घनफळाचा एक तृतीयांश. वीस बाय बारा मीटरची, बारा मीटर उंच चाळ म्हणजे २,८८० घनमीटर, त्याचा राडारोडा साधारण ९५० घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरच्या ९५ खेपा, एका इमारतीसाठी. तो टाकायचा कुठे, हे आजच ठरवा, कारण मोकळी मैदानेच निवाऱ्यासाठीही लागणार आहेत. दोन्ही कामांना तेच मैदान दाखवलेला आराखडा पहिल्याच दिवशी मोडतो. रस्त्यांसाठी सावध गृहीतक ठेवा : कडेची कमकुवत इमारत रस्त्याच्या रुंदीपेक्षा उंच असेल तर तो रस्ता बंद समजून रुग्णवाहिकेचा दुसरा मार्ग आखा.

शाळा निवारा म्हणून लिहिण्याआधी शाळेचीच पाहणी करा. ती यादीतली पहिली इमारत असावी.

स्टिल्टच्या बाजू विटांनी बंद केल्या तर इमारत मजबूत होईल का? (सोसायटी सदस्य, बोरिवली)

एका बाजूने बंद केल्या तर अधिक वाईट. तिकडची बाजू ताठ आणि इकडची मऊ झाली की इमारत पिळवटते. खरे उपाय दोन : दोन्ही दिशांना समतोल जागी, पायापासून उचललेल्या, आडवा जोर पेलणाऱ्या काँक्रीटच्या कर्तन भिंती किंवा पोलादी कैच्या (तिरपे आधार), आणि खांबांना जॅकेट, म्हणजे बाहेरून नवा वेढा. ओतीव काँक्रीटचे जॅकेट निदान १०० मिलिमीटर जाड असावे, नव्या सळ्या पायात रुतलेल्या आणि स्लॅबमधून वर नेलेल्या असाव्यात. बीमच्या खाली थांबवलेले जॅकेट नेमका कमजोर सांधा उघडा ठेवते, आणि बहुतेक ठिकाणी होते ते हेच. चार-पाच गाड्यांची जागा जाईल, ते सर्वसाधारण सभेत आधीच सांगा.

अशी यादी जाहीर झाली तर फ्लॅटची किंमत पडेल आणि बिल्डर दबाव आणतील. ती गुप्त ठेवावी का? (वाचक, चेंबूर)

भीती रास्त आहे. नमुना-पाहणीतून निघते ते एका पेठेचे चित्र, एका इमारतीचा निकाल नाही. त्यामुळे जाहीर करायचे ते भागवार आकडे : या भागात स्टिल्टच्या जुन्या इमारती इतक्या टक्के, निवाऱ्याची गरज इतकी. ज्या इमारती प्रत्यक्ष पाहिल्या त्यांची नोंद त्या सोसायटीला किंवा मालक-भाडेकरूंना पत्राने द्यावी, आणि त्या पत्रात ‘ही झटपट पाहणी आहे, हिच्या आधारे इमारत रिकामी करण्याची नोटीस काढता येणार नाही’ असे ठळक छापावे. भाडेकरूंना प्रत मिळालीच पाहिजे, कारण रात्री त्या छताखाली झोपणारे तेच असतात. विभाग कार्यालय, अग्निशमन केंद्र आणि जवळचे पालिका रुग्णालय यांच्याकडे मात्र इमारतनिहाय नकाशा हवा, आणि तो कागदावर छापलेलाही हवा. हादऱ्यानंतर वीज आणि नेटवर्क असेलच असे नाही.